पहिल्या बाकावरचे सर

"ए निळा शर्ट, मागे लपून काय बसलायस? पुढे ये."

निळा शर्ट उठला. एकदा दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मग खांद्यावरची पिशवी सावरत मुकाट्याने येऊन पहिल्या बाकावर बसला. अगदी माझ्यासमोर. उंच होता, गुडघे बाकाखाली मावेनात, ते त्याने तिरके करून घेतले. मी मनात म्हटलं, पोरगा आज्ञाधारक आहे, पण दाढी जरा जास्तच लवकर आलीये. हल्लीच्या मुलांचं काही सांगता येत नाही.

तो आमच्या उन्हाळी लेखनवर्गाचा पहिला दिवस होता. पहिल्या वर्षाला प्रवेश मिळालाय पण कॉलेज अजून सुरू झालेलं नाही, अशा मुलांसाठी आमचं कॉलेज दर उन्हाळ्यात हा वर्ग भरवतं. शाळेत निबंध पाठ करून आलेल्या मुलांना स्वतःचं लिहायला शिकवायचं, एवढंच काम. म्हणायला एवढंच, पण त्यात भल्याभल्यांचा घाम निघतो. माझा निघत नाही. मी चांगलं शिकवते. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट बघत बसले असते तर केस पांढरे झाले असते.

"घरातून निघाल्यापासून इथे पोचेपर्यंत जे दिसलं, त्यातली एकच गोष्ट लिहा," मी सांगितलं. "आणि शेवटी उपदेश नको. कोणी मागितलेला नाही."

माना खाली गेल्या. पंखा खडखडत होता, खिडकीतून गरम वारा येत होता. बाकांमधून फिरत मी निळ्या शर्टापाशी आले आणि त्याच्या खांद्यावरून वाकून वाचलं. 'प्रस्तुत निरीक्षणात असे आढळून आले की कुंपणालगतच्या वेलीस पाण्याचे प्रमाण अपुरे पडत आहे.'

"हे कोणाला आढळलं?"

"मला."

"मग तू कुठे आहेस यात?"

त्याने खरंच विचार केला. "कुंपणाच्या अलीकडे होतो."

सगळा वर्ग हसला. हसू मलाही आलं होतं, पण पहिल्या दिवशी हसलं की पोरं डोक्यावर बसतात. "तुझे शब्द फार म्हातारे आहेत," मी म्हटलं. "तुझ्या वयाचे वापर."

"प्रयत्न करतो," तो म्हणाला, आणि खाली बघून लिहायला लागला. कानांच्या पाळ्या मात्र लाल झालेल्या दिसल्या मला.

तास संपता संपता ऑफिसातल्या हेडक्लार्कबाई मस्टर घेऊन दारात आल्या. "अहो सर, तुम्ही इथे बसलाय होय? मी अख्खं कॉलेज पालथं घातलं. सही राहिली तुमची."

निळा शर्ट उठला आणि सही करून आला.

दुसरी कोणी असती तर तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं असतं. मी खडू खाली ठेवला, हात झटकले, आणि मुलं बाहेर जाईपर्यंत थांबले. मग कळलं ते असं. आमच्या या वर्गाला दोन मास्तर असतात, एक भाषेचा आणि एक दुसऱ्या कुठल्याही विषयाचा. एकाने शिकवायचं त्या दिवशी दुसऱ्याने मुलांबरोबर बसून लिहायचं, असा नियमच आहे. माझ्या जोडीला अर्थशास्त्राचे सर येणार होते, ते ऐनवेळी रजेवर गेले. त्यांच्या जागी वनस्पतिशास्त्रात नव्याने लागलेले हे आले. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

"सांगायचं नाही का?" मी विचारलं.

"तुम्ही बोलू दिलं असतंत तर सांगितलं असतं."

"आणि तसेच बसून राहिलात?"

"पहिल्या बाकावर आयुष्यात कधी बसलो नव्हतो." चष्मा काढून तो शर्टाच्या टोकाला पुसत ते म्हणाले, "बरं वाटलं."

चष्म्याशिवाय त्यांचे डोळे... असो. चांगले होते.

घरी गेल्यावर वहिनीला सांगितलं. दादाचं औषधांचं दुकान आहे आणि ते खरं तर वहिनी चालवते. खाली दुकान, वर आम्ही. गिऱ्हाइकाला गोळ्या मोजून देता देता ती ऐकत होती आणि हसून हसून तिचा हिशोब दोनदा चुकला.

"मग? कसा आहे दिसायला तुझा पहिला बाक?"

"माझा काय? आणि दिसायला मी कशाला बघू?"

"नाही बघितलंस?"

"बरा आहे."

"अगं बाई," वहिनीने पाकिटावर रबर चढवलं. "तुझ्या तोंडून 'बरा' म्हणजे झालंच की मग."

त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांचं नाव पहिला बाक पडलं.

त्यांचा शिकवायचा दिवस आला तेव्हा मी मनात म्हटलं, आता बघू या. हे मुलांना घेऊन थेट कॉलेजच्या मागच्या रोपवाटिकेत गेले. प्रत्येकाच्या हातात एकेक पान दिलं आणि म्हणाले, "लिहू नका. आधी फक्त बघा. मी सांगेपर्यंत पेन उघडायचं नाही." मुलं कुजबुजली, चुळबुळली, आणि मग हळूहळू खरंच बघायला लागली. मला बघायची काय गरज? मी पेन उघडता क्षणी झरझर लिहून टाकलं. कोवळं, हिरवंगार, सकाळच्या उन्हात चमकणारं वगैरे.

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "वाचायला छान आहे, मॅडम."

"पण?"

"पण हे पान कोवळं नाही. जून आहे. आणि हिरवंगार पण नाही..." त्यांनी माझ्या तळहातावरचं पान एका बोटाने उलटं केलं. मागची बाजू करडी होती, तिच्यावर बारीक लव होती. बोट पानावरच होतं, पण माझ्या तळहाताला त्याचा भार कळत होता. "तुम्ही न बघताच लिहिलंत."

मला कोणी असं बोललेलं चालत नाही. भावाला विचारा. पण त्यांनी ते अशा काही सुरात सांगितलं की मला राग यायच्या ऐवजी पान पुन्हा बघावंसं वाटलं. बघितलं. मग त्यांच्याकडे बघितलं. ते आधीच माझ्याकडे बघत होते, आणि चोरी पकडल्यासारखे पाण्याच्या नळाकडे वळले.

असा तो उन्हाळा गेला. माझ्या दिवशी ते पहिल्या बाकावर गुडघे तिरके करून लिहायचे, मी लाल पेनाने 'तुम्ही कुठे आहात?' असं समासात लिहायचे. त्यांच्या दिवशी मी पानं, फांद्या, मुळं बघायचे. तास संपला की रोपांना पाणी घालायला त्यांच्याबरोबर थांबायचे, कारण पाइप लांब होता आणि एकट्याला आवरत नाही, असं ते म्हणायचे. माझ्या आधी तो पाइप कोण आवरत होतं हे मी कधी विचारलं नाही. पाण्याचे तुषार हातावर यायचे, तापलेल्या मातीचा वास यायचा. एकदा त्यांनी पाइपाचं तोंड चुकून माझ्याकडे वळवलं.

"हे मुद्दाम केलंत."

"असे आढळून आले," ते म्हणाले.

मी पाइप हिसकावून घेतला. त्या दिवशी दोघेही ओलेचिंब आपापल्या घरी गेलो आणि वहिनीने काही विचारलं नाही, नुसता टॉवेल पुढे केला. तिचं ते न विचारणं फार बोलकं असतं.

आता खरी गोष्ट. माझी इथली नोकरी तात्पुरती. दर वर्षी नेमणूक संपायची, दर वर्षी नव्याने अर्ज. त्या वसंतात दुसऱ्या, लांबच्या शहरातल्या एका कॉलेजात मी मुलाखत देऊन आले होते. कायमची जागा, आणि लेखनाचा अख्खा विभाग नव्याने उभा करायचा. माझ्यासारखीला आणखी काय हवं? आता त्यांची एकच अट उरली होती. तिथल्या विभागप्रमुखबाई शिफारसपत्रं वाचत नसत. म्हणायच्या, पत्रात सगळेच देवमाणूस असतात. तुमच्याबरोबर ज्याने शिकवलंय त्याचा नंबर द्या, मी स्वतः फोन करीन.

दोन महिन्यांपूर्वी कोणाचाही नंबर दिला असता. आता ती जागा मला हवी होती आणि हा माणूसही हवा होता, आणि या माणसाने आजपर्यंत पाइपाच्या पलीकडे एक अक्षर काढलं नव्हतं. सरळ विचारायचं? छे. मी डोकं चालवलं. यांचाच नंबर द्यायचा. मी जाणार हे कळलं की गडबडतील, अडखळतील, आणि म्हणतील — नका जाऊ.

"हात दाखवून अवलक्षण करून घेशील," वहिनी म्हणाली.

"तू बघच."

स्टाफरूममध्ये ते कुंडीतली माती बदलत होते. मी सांगितलं. त्यांचा हात मातीतच थांबला.

"कधी जावं लागेल?"

"जागा मिळाली तर, कॉलेज सुरू व्हायच्या आत."

"हं." कुंडीतली माती दाबत ते म्हणाले, "काय सांगू त्यांना?"

आता माझी चूक बघा. गप्प राहायचं सोडून माझ्यातली मास्तरीण जागी झाली. "खरं असेल ते सांगा. विशेषणं नकोत. मेहनती, हुशार, होतकरू, यातलं एकही नको. एखादा प्रसंग सांगा, आणि तुम्ही त्यात कुठे होतात तेही."

"बरं," ते म्हणाले.

बस, बरं. मी पाय आपटत वर्गात गेले आणि त्या दिवशी सगळ्यांच्या वह्या लाल केल्या.

दोन दिवसांनी फोन आला. विभागप्रमुखबाईंचा आवाज खणखणीत होता. "तुमची जागा पक्की समजा. तुमच्या सरांनी मला त्या मुलीचं सांगितलं."

ती मुलगी आमच्या वर्गात रोज कोरा कागद द्यायची. रागावून झालं, समजावून झालं. शेवटी एक दिवस मी तिच्या शेजारी जाऊन बसले, पेन हातात घेतलं आणि म्हटलं, तू बोल, मी लिहिते, आज मी तुझी कारकून. ती तिच्या वडिलांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाबद्दल बोलत राहिली, मी मुकाट उतरवत राहिले. मध्येच मी माझा एक सुंदर शब्द घुसडला. ती म्हणाली, असं नाही ते, आणि माझ्या हातातून पेन ओढून घेतलं. मग तास संपला तरी तिने ते परत दिलं नाही.

"तुमचे सर म्हणाले, मी पहिल्या बाकावरून हे बघत होतो आणि लिहायचं विसरून गेलो," बाई म्हणाल्या. "अशी शिफारस मी आजवर ऐकली नाही. उद्या दुपारी फोन करते, हो की नाही ते सांगा. जास्त थांबता येणार नाही."

मी फोन ठेवला. आनंदाने नाचावं की कोणाचा तरी गळा धरावा ते कळेना. इतके दिवस घसा कोरडा करून मी ज्यांना शिकवलं, ते नेमके तिथे, मला घालवायच्या कामी, पैकीच्या पैकी मार्क मिळवून बसले होते.

"सांगितलं नव्हतं?" वहिनी म्हणाली. मग माझा चेहरा बघून तिने काउंटरमागचं स्टूल माझ्याकडे सरकवलं. "रडतेयस?"

"नाही."

"बरं. मग हो सांगणार की नाही?"

"नोकरीला हो सांगणार," मी नाक पुसलं. "एवढी वर्षं वाट बघितलीये मी, वहिनी. पण त्यांना न सांगता गेले, तर तिथे गेल्यावर रोज त्यांच्याच नावाने बोटं मोडत बसेन."

"मग त्यांनाच सांग. माझ्या दुकानात यावर औषध नाही."

दुसऱ्या दिवशी वर्गाचा शेवट होता. मुलांनी आपापलं लिहिलेलं वाचून दाखवलं. सायकलवाली मुलगी सगळ्यात मोठ्या आवाजात वाचून गेली. फोटो काढून झाले, मुलं गेली, आणि मी तडक रोपवाटिकेत गेले. ते पाणी घालत होते. पाइप एकट्याला छान आवरत होता.

"तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

त्यांनी वळून बघितलं. "एक प्रसंग. तुम्हीच म्हणाला होतात."

"इतकं चांगलं सांगायची काही गरज होती का?"

"ते घडलंच चांगलं होतं."

"मी गेलेली चालणार आहे तुम्हाला?"

"नाही."

इतक्या पटकन? हा माणूस वेळ विचारली तरी आधी विचार करतो.

"अजिबात नाही," ते म्हणाले. "त्या बाईंचा फोन झाल्यावर मी रोपांना पाणी घातलं. मग परत घातलं. पाणी जास्त झालं की मरतात ती, हे मी मुलांना शिकवतो."

"मग बोलायचं नाही?"

"तुम्ही शिफारस मागितली होतीत. तिथे मी माझं घोडं कसं पुढे दामटू? तुम्हाला ती जागा हवी होती. तुम्ही तिच्या लायक आहात. मी बघितलंय."

"मी मुद्दाम मागितली होती," मी म्हटलं. एकदा बोलायचं ठरवलं की मला थांबता येत नाही. "तुम्ही गडबडाल, अडखळाल, नका जाऊ म्हणाल — म्हणून."

पाइप त्यांच्या हातात खाली झुकला. पाणी त्यांच्या बुटांवर पडत होतं.

"म्हणजे माझी परीक्षा चालली होती?"

"हो."

"आणि मी नापास झालो?"

"पहिले आलात. तेच तर दुखणं आहे."

त्यांना हसू आलं, मग ते थांबलं. "हे बघा. माझं तुमच्यावर प्रेम आहे. आणि मला ती नोकरी पण हवीये. दोन्ही मी सोडणार नाही. आता तुम्ही बोला. प्रस्तावना नको."

"माझं पण," ते म्हणाले. "म्हणजे... प्रेम. नोकरी नाही." कान पुन्हा लाल झाले होते. "मी पहिल्या बाकावर बसलो तेव्हापासून. मी रोज घरी जाऊन ठरवायचो की उद्या बोलू. उद्या तुम्ही पाइप धरायला यायचात आणि मला वाटायचं, बोललो आणि या यायच्या बंद झाल्या तर? म्हणून मी पाणी घालत राहिलो."

इतके 'मी' त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. मला काय वाटलं ते सांगते. मला भयंकर आनंद झाला.

"माझी रोपं इथे आहेत," थोड्या वेळाने ते म्हणाले. माझा हात त्यांच्या हातात होता, मातीसकट. "त्यांच्यावरचा माझा अभ्यास संपायला अजून दोन पावसाळे लागतील. मग मला कुठेही..."

"मग दोन पावसाळे ये-जा करू. तुम्ही या, मी येते. घाबरते की काय मी प्रवासाला?"

"तुम्ही कशाला घाबरता हेच मला अजून आढळलेलं नाही."

तेवढ्यात फोन वाजला. विभागप्रमुखबाई.

"काय ठरलं?"

"हो," मी म्हटलं. "येतेय मी."

"छान. तिकडे अडवणारं कोणी नाही ना?"

"आहे. पण तुम्ही शिफारस त्यांच्याकडूनच घेतलीत."

बाई अशा हसल्या की फोन कानापासून लांब धरावा लागला. "असं आहे होय. मग राहायच्या जागेचं आत्ताच सांगा बाई. एकटीला हवी तर आवारात खोली आहे. दोघांना हवं तर मागे एक लहानसं घर आहे. पण एकदा नाव लागलं की बदलून मिळत नाही, नंतर माझ्याकडे रडत यायचं नाही."

मी फोनवर तळहात धरला. मघाशी एवढी प्रेम आहे, नोकरी हवी आहे म्हणून ठणकावणारी मी, आणि आता मनातल्या मनात हिशोब करायला लागले. दोन महिन्यांची ओळख. अजून एकत्र धड चहा प्यायलेलो नाही. याला वेळ विचारली तरी...

"विचारतायत," मी म्हटलं, "एकटीची खोली हवी की दोघांचं घर. एकदा सांगितलं की बदलत नाही."

त्यांनी वाकून नळ बंद केला, ओले हात शर्टाला पुसले, आणि फोनकडे बोट दाखवून म्हणाले, "अंगण आहे का, विचार ना."